भोंग्यातले फडके

औषधांच्या दुकानाच्या दाराशी वजनाचे ते यंत्र उभे होते. कपाळावर काचेची गोल चकती, चकतीमागे पळणारे लाल-हिरवे दिवे आणि कमरेशी एक फट. नाणे टाकले की आतून घरघर होई आणि फटीतून बोटभर लांबीचे जाड कागदाचे तिकीट बाहेर पडे. शनिवारी सकाळी ताई त्या यंत्रावर चढल्या, तेव्हा चपला, किल्ल्यांचा जुडगा आणि हातातले घड्याळ त्यांनी पायरीवर काढून ठेवले होते. घड्याळाचे वजन ते कितीसे. परंतु परीक्षेस बसलेला मनुष्य असले हिशेब करतोच.

तिकिटावर आकडा होता सत्त्याऐंशी.

मागच्या शनिवारी याच यंत्राने चौऱ्याऐंशी सांगितले होते. मधल्या सात दिवसांत ताईंनी रात्रीचे जेवण अर्ध्यावर आणले होते, चहातली साखर तर तीन महिन्यांपूर्वीच सोडली होती. त्यांनी दुसरे नाणे टाकले. साडेपंच्याऐंशी. तिसरे टाकले. अठ्ठ्याऐंशी.

"ताई, यंत्र आहे ते, देव नाही," दुकानदार आतून म्हणाला. "जरा सरळ उभ्या राहा."

"देव असता तर एकदाच काय ते सांगून मोकळा झाला असता," ताई म्हणाल्या, आणि तिन्ही तिकिटे खिशात घालून निघाल्या.

ताईंचा व्यवसाय उंच इमारतींच्या बाहेरील काचा पुसण्याचा. गच्चीवरून दोन पोलादी दोरांवर टांगलेली, कमरेइतका कठडा असलेली एक लांबट पेटी असते; तिला कामगार पाळणा म्हणतात. त्यात दोन माणसे, पाण्याची मोठी बादली, साबण, फडकी आणि रबरी पट्ट्या घेऊन यंत्राच्या बळावर मजल्यामागून मजला वर चढतात. पाळणाच तो, फक्त यात कुणाला झोप येत नाही, असे ताई नवख्यांना सांगत. बावीस वर्षे त्यांनी या पाळण्यात काढली होती. चौदाव्या मजल्यावरची काच निर्मळ झाली की तीत आपल्या चेहऱ्यामागे ढग सरकताना दिसतात. ते दर्शन त्यांनी सहस्रावधी वेळा घेतले असेल, परंतु दर वेळी त्यांचा हात क्षणभर थांबे.

तीन महिन्यांपूर्वी कंपनीने नवा नियम काढला. पाळण्याच्या कठड्यावर पितळी पाटी आहे आणि तीवर भार दोनशे किलो असा कोरलेला आहे. त्यातले चाळीस पाण्याचे आणि हत्यारांचे. उरलेले एकशे साठ दोन माणसांचे, म्हणजे माणशी ऐंशी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येकाने कोणत्याही सार्वजनिक यंत्राचे तिकीट आणून मुकादमाला द्यायचे. ज्याचे ऐंशीच्या वर, त्याने खाली राहून व्हरांड्यांच्या फरशा पुसायच्या. ताईंचे पहिले तिकीट चौऱ्याण्णवाचे निघाले. मुकादमाने त्यांची सेवा ध्यानात घेऊन तीन महिन्यांची मुदत दिली, आणि ती मुदत येत्या सोमवारी संपत होती.

खालचे काम हीन होते असे नव्हे. कोणतेही काम निष्ठेने केले म्हणजे ते हीन राहत नाही, हे ताई जाणत. परंतु जी उंची आपण हातांनी आणि काळजाने कमावली, ती एका कागदाच्या तुकड्याने हिरावून घ्यावी, हे त्यांना सोसवत नव्हते.

त्या घरी आल्या तेव्हा त्यांचे यजमान शिवणयंत्रावर वाकलेले होते. ते शिंपी होते. घराची पुढची खोली हेच त्यांचे दुकान. ताईंचा चेहरा पाहताच त्यांनी यंत्रावरचा पाय थांबवला आणि गळ्यातली टेप काढली.

"हात वर कर."

"अहो, राहू द्या. सत्त्याऐंशी आलंय."

"हात वर कर म्हटलं ना." त्यांनी कमरेभोवती टेप फिरवली, अंगठ्याने आकडा धरला आणि चष्मा वर सरकवून पाहिला. "तीन महिन्यांत साडेचार इंच गेले. दोनदा तुझा गणवेश आत घेतला मी. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. ती काय उंदरांनी कुरतडली?"

"यंत्र म्हणतं, आठवड्यात तीन किलो वाढले."

"मग यंत्राला म्हणावं, पुढचा गणवेश तूच शिवून दे."

ताईंना हसू आले, पण ते टिकले नाही. दुपारी त्या बसस्थानकावरच्या यंत्रावर जाऊन आल्या. नव्वद. बाजारातल्या यंत्रावर गेल्या. एक्क्याऐंशी. एकाच दुपारी, एकाच देहाचे, नऊ किलोंचे अंतर. पाचही तिकिटे त्यांनी कपडे कापायच्या मेजावर ओळीने मांडली आणि शून्य नजरेने त्यांच्याकडे पाहत बसल्या.

तेवढ्यात दारात काडी उभा राहिला. काडी हा ताईंचा पाळण्यातला जोडीदार. एकोणिसाव्या वर्षी तो कामावर आला तेव्हा खरोखरच काडीसारखा होता. पुढे देह विस्तारत गेला आणि नाव तेवढे जागच्या जागी राहिले. त्याच्या हातात कामावरची विजार होती.

"भाऊजी, ही जरा कमरेत सैल करून द्या की. वाकलं की जीव जातो."

शिंप्याने विजार उलटी करून शिवण पाहिली. "अरे, वर्षभरात ही तिसरी वेळ. आता आत कापडच उरलं नाही. तुझं वजन किती म्हणतोस?"

"चौऱ्याहत्तर."

"आणि गेल्या वर्षी?"

"चौऱ्याहत्तरच. आपलं वजन कसं, एकदम स्थिर."

"वजन स्थिर आहे आणि विजार आटत चाललीय," शिंपी म्हणाला. "कापड बदलून पाहू आपण."

ताईंनी मान वर केली. "काड्या, खरं सांग. तिकीट कुठून आणतोस?"

काडीने आधी दाराकडे पाहिले, मग मेजावरच्या पाच तिकिटांकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. "ताई! तुम्ही या असल्या यंत्रांवर जाता? अहो, रेल्वेच्या रुळांवरचा पादचारी पूल आहे ना, त्याच्या जिन्याखालचं यंत्र! आम्ही सगळे तिथेच जातो. एवढं मायाळू यंत्र अख्ख्या गावात नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. उद्या चला माझ्याबरोबर."

रविवारी सकाळी दोघे पुलाखाली गेले. यंत्र जुने होते, रंग उडालेला, एका बाजूला किंचित कललेले. ताई चढल्या. दिवे पळाले, तिकीट पडले: शहात्तर.

तीन महिन्यांची भूक, चढलेले जिने, नाकारलेले दुसरे वाढप, या सर्वांचे फळ जणू कोणी ओंजळीत टाकले होते. उद्या हे तिकीट दिले की प्रश्न मिटला. क्षणभर, आणि तो क्षण लहान नव्हता, त्यांनी ते तिकीट छातीशी धरले.

"बघा! म्हटलं नव्हतं?" काडी म्हणाला, आणि स्वतःही चढला. चौऱ्याहत्तर.

ताईंनी त्याच्या तिकिटाकडे पाहिले, मग त्याच्या पोटाकडे. मागच्या वर्षी वाऱ्याने पाळणा हेलकावला तेव्हा याच काडीला त्यांनी पट्ट्याला धरून आत ओढले होते. तो भार त्यांच्या खांद्याला अजून आठवत होता. तो चौऱ्याहत्तर किलोंचा खचित नव्हता.

"इथे कोण कोण येतं रे?"

"सगळेच. मुकादमसुद्धा. त्यानंच तर दाखवलं मला हे."

"आणि आपल्या पाळण्याचा भोंगा ओरडायला कधी लागला?"

"झालं की वर्ष. बिघडलाय तो. मुकादमानं फडकं कोंबलंय ना त्यात, म्हणून जरा शांतता आहे."

पाळण्याला एक भोंगा असतो. भार ठरल्यापेक्षा अधिक झाला की त्याने ओरडावे, अशी योजना असते. दर वर्षी त्याची परीक्षा होते, आणि मागची परीक्षा ताईंनी स्वतःच्या हातांनी केली होती. वीस किलोंची, तळाशी सरकारी शिक्का असलेली दहा लोखंडी वजने त्यांनी एकेक करून पाळण्यात ठेवली. दहावे ठेवले तरी भोंगा गप्प होता. वर पाण्याची एक लहान बादली ठेवली मात्र, तो ओरडला. तो बिघडलेला नव्हता तर! वर्षभर तो खरे बोलत होता, आणि वर्षभर त्याच्या तोंडात फडके होते. आणि त्याच दोरांवर लोंबकळणारी माणसे या कललेल्या यंत्राची तिकिटे फाइलला लावून निश्चिंत होती.

"ताई, कसला विचार करताय? उद्या हे तिकीट द्या आणि सुखानं वर जाऊ."

"किती वर, काड्या? दोर सांगेल तिथपर्यंत?"

घरी आल्यावर ताईंनी यजमानांना एवढेच म्हटले, "अहो, उद्या सकाळी टेप आणि खडू घेऊन माझ्याबरोबर या."

"कुणाचं माप घ्यायचंय?"

"सगळ्यांचं."

सोमवारी सकाळी इमारतीच्या मागच्या आवारात आठ-दहा कामगार जमले होते. मुकादम खुर्चीवर बसून तिकिटे फाइलला टाचत होता. मनुष्य वाईट नव्हता. वरून येणारी ओरड खाली पोहोचू नये म्हणून तो कागदांची भिंत बांधी, इतकेच. ताईंनी त्याच्यापुढे सहा तिकिटे पसरली. सत्त्याऐंशी, साडेपंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, नव्वद, एक्क्याऐंशी, शहात्तर.

"मुकादम, यातली मी कोणती?"

मुकादमाने चटकन शहात्तर उचलले. "ही."

"का?"

"ही चालते."

"खरी आहे का?"

"ताई, छापलेली आहे! अजून काय पाहिजे? तुमच्या भल्याचंच करतोय ना मी? या, चढा पाळण्यात, उगीच वेळ घालवू नका."

ताईंनी त्याच्या बोटांतून ते तिकीट काढून घेतले. "मला वर जायचंय, मुकादम. पण याच्यावर बसून नाही."

मग त्या कोपऱ्यातल्या कुंड्यांकडे गेल्या. परीक्षेची लोखंडी वजने वर्षभर कुंड्यांखाली बैठक म्हणून पडून होती. त्यांनी कुंड्या बाजूला केल्या, चार वजने बाहेर काढली, माती पुसली. तळाचा शिक्का स्पष्ट उमटलेला होता. काडीने, कोणी सांगण्याची वाट न पाहता, बांधकामाची एक लांब फळी आणि लोखंडी नळी आणली. नळी जमिनीवर ठेवून दोन्ही बाजूंनी विटा लावल्या, वर फळी आडवी टाकली. शिंपी गुडघ्यांवर बसला. त्याने टेपने मधोमधची रेघ काढली, तेथून दोन्हीकडे समान अंतर मोजले, फिरून मोजले, आणि खडूने दोन फुल्या मारल्या. फळीचे एक टोक किंचित झुकत होते. दुसऱ्या टोकावर ताईंनी एक ओले फडके ठेवले, तेव्हा फळी जमिनीशी समांतर होऊन स्थिर झाली. त्या साध्या फळीला तेव्हा एखाद्या प्राचीन तुलेचे गांभीर्य आले होते. आवारातली कुजबुज आपोआप थांबली.

एका फुलीवर चार वजने. ऐंशी. दुसऱ्या फुलीवर ताई बसल्या आणि त्यांनी पाय उचलले.

फळी त्यांच्या बाजूने खाली गेली.

कोणी तरी च्-च् केले. काडीने मान खाली घातली. ताई मात्र हलल्या नाहीत. "साबणाच्या रिकाम्या बाटल्या आहेत ना, लिटरच्या? पाण्यानं भरून आणा. लिटरला एक किलो."

वजनांवर एक बाटली ठेवली. फळी जराशी डोलली. दुसरी ठेवली. ताईंचे पाय अलगद वर आले, आणि दोन्ही टोके हवेत एका रेषेत थांबली.

"आता बाजू बदला," शिंपी म्हणाला. "कापड उलटं करून पाहिल्याशिवाय मी शिवण कधी कबूल करत नाही."

बाजू बदलल्या. पुन्हा दोनच बाटल्या.

"ब्याऐंशी," ताई उतरत म्हणाल्या. "लिहा, मुकादम."

मुकादमाच्या चेहऱ्यावर सुटका आणि खेद एकदमच उमटले. "म्हणजे दोन जास्तच ना, ताई? शहात्तर घेतलं असतंत तर... आता नियम तो नियम. फरशीची बादली आत आहे."

"दोन जास्त. मान्य. माझे दोन किलो मी सगळ्यांसमोर मोजून दिले. आता काड्या, बस."

काडी बसला. फळी धाडकन टेकली. एक, दोन, तीन, चार. पाचव्या बाटलीला त्याचे पाय सुटले.

"पंच्याऐंशी!" मागून कोणी ओरडले. "चौऱ्याहत्तर म्हणे! अरे, त्या तिकिटात तुझं डोकं धरलंच नव्हतं वाटतं!"

हशा पिकला. काडीही हसला, पण त्याच्या हसण्याचा रंग उडालेला होता. तो वर लोंबणाऱ्या दोरांकडे पाहत होता.

"आता तुम्ही, मुकादम."

"मी? मी कुठे वर जातो?"

"गेल्या मंगळवारी नवव्या मजल्यावर काच तपासायला कोण आलं होतं?"

मुकादम फाइल बगलेत धरूनच फुलीवर बसला. फाइल खाली ठेवा, असे शिंप्याने नम्रपणे सुचवले. आठ बाटल्या भरलेल्या होत्या. आठही ठेवल्या तरी फळी त्याच्या बाजूने भुईला टेकलेलीच राहिली.

"बाटल्या संपल्या," शिंपी म्हणाला. "तिकिटावर किती होतं?"

"एकोणऐंशी," मुकादम पुटपुटला.

या वेळी मात्र कोणी हसले नाही. मुकादम उठला आणि एकाएकी चिडून म्हणाला, "बरं! म्हणजे आता काय? सगळ्यांना खाली उतरवू? काचा कोण पुसणार? मी?"

ताई पाळण्याजवळ गेल्या. त्यांनी पितळी पाटी ओल्या फडक्याने पुसली. "वाचा. भार दोनशे किलो. माणशी ऐंशी असं हिच्यावर कुठे लिहिलंय? माणूस कुठला, पाणी कुठलं, पाळण्याला कळत नाही. त्याला एकच आकडा कळतो. आणि तो ओलांडला की तो सांगतो. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत."

त्यांनी हात घालून भोंग्यातून फडके ओढून काढले. काळे, कडक झालेले, वर्षभराच्या धुळीचे फडके. ते त्यांनी मुकादमाच्या हातात दिले आणि पाळण्यात पाय टाकला. "काड्या, ये. बादली पूर्ण भरलेली आहे ना? सगळी हत्यारं घे."

काडी चढताच भोंगा ओरडला. बंद भिंतींच्या त्या आवारात तो आवाज असा काही घुमला की वरच्या मजल्यांवर खिडक्यांमागे चेहरे दिसू लागले.

"उतरा, उतरा!" मुकादमाने कान झाकले.

ताईंनी रिकामी बाटली बादलीत बुडवली, भरली, आणि कठड्याबाहेर ओतली. "माझी पहिली," त्या भोंग्याच्या वर आवाज काढून म्हणाल्या. दुसरी भरली, ओतली. "माझी दुसरी. आता तुझ्या, काड्या." काडीने बाटली घेतली. एक ओतली, भोंगा ओरडतच होता. दोन. तीन. फरशीवरून पाणी मुकादमाच्या बुटांपर्यंत आले. चार. काडीने पाचवी भरली आणि हळूच ओतली.

भोंगा थांबला.

मधल्याच एखाद्या अक्षरावर कोणी मौन धरावे, तसा थांबला. आवारात फक्त पाणी वाहण्याचा आवाज उरला.

"सात लिटर कमी," ताई म्हणाल्या. "दुपारून एक फेरी जास्त घालू, पाणी भरायला खाली येऊ. काचा तेवढ्याच पुसल्या जातील. दर सोमवारी ही फळी मांडायची, वजनं कुंड्यांखाली ठेवायची नाहीत. ज्याचं जेवढं जास्त असेल, तेवढं पाणी त्यानं कमी न्यायचं. माझे दोन किलो उतरले की दोन लिटर मी परत घेईन. पण फरशीची बादली मी आज घेणार नाही, मुकादम. घ्यायला लावायची असेल तर या भोंग्याला ओरडायला लावा, मग बोलू."

मुकादम वर भोंग्याकडे पाहत राहिला, जणू त्याने काही बोलावे. भोंगा बोलला नाही. शिंप्याने टेप गुंडाळून गळ्यात टाकली आणि खडू खिशात ठेवला.

ताईंनी कळ दाबली. दोर ताणले गेले, पाळणा जमिनीपासून सुटला आणि वर चढू लागला. पहिला मजला गेला, दुसरा गेला. खालून मुकादमाची हाक आली. त्याच्या एका हातात उघडी फाइल होती, दुसऱ्या हातात अजून तेच.

"अहो ताई, पण फाइलला काय लावू?"

ताईंनी कठड्यावरून वाकून पाहिले.

"ते फडकं लावा!"

आणि पाळणा तसाच, आवाज न करता, सातव्या मजल्यावरून पुढे गेला.